देवीरम्माचे ब्याऐंशी हत्ती

आमच्या होन्नेकट्टे गावात माणसाची ओळख सांगताना बापाचं नाव मागाहून येतं, आधी हत्ती सांगतात. "कोण रे तो?" म्हणून विचारलं की उत्तर येणार, "तो नव्हे का, सोंडेत झाड धरलेला." मग समजायचं, लोहाराचा मधला मुलगा. माझा स्वतःचा हत्ती बिनशेपटीचा आहे. घडवताना कारागिराचा हात चुकला असेल, नाहीतर आठशे वर्षांत कधीतरी बैलगाडीचा धक्का लागला असेल. त्यापायी मी मात्र जन्मभर बिनशेपट्या पुट्टस्वामी झालो. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा आधी हत्ती बघून घेतला आणि मग मुलाला पसंती दिली. हत्ती बघून थोडा वेळ विचारात पडले होते, असं मेहुणा अजून सांगतो.

हे हत्ती केशवाच्या देवळाच्या जोत्यावर आहेत. देऊळ चांदणीच्या आकाराचं, त्यामुळे जोतंही कोपऱ्यामागून कोपरे काढत फिरलेलं. वर भिंतीवर काय नाही? देव आहेत, दैत्य आहेत, आरशात बघणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या मनगटावरच्या बांगड्या इतक्या सुट्या कोरल्यात की काडीने फिरवाव्यात. आतले खांब चाकावर फिरवून घासलेले; एवढे गुळगुळीत की आमचे पुरुष उत्सवाच्या दिवशी त्यात बघून भांग पाडतात. आमच्याकडचा दगड खाणीतून निघतो तेव्हा साबणासारखा मऊ असतो आणि वारा लागला की घट्ट होत जातो. परगावचे लोक येतात, माना वर करून हे सगळं बघतात, मान दुखली की निघून जातात. खाली कमरेएवढ्या उंचीवर आमचा गजथर चालत असतो, तिकडे फारसं कुणी बघत नाही. देवळाच्या दारापासून दक्षिणेला एक्केचाळीस हत्ती, उत्तरेला एक्केचाळीस. सगळे प्रदक्षिणेच्या दिशेने निघालेले आणि एकासारखा दुसरा नाही. एक पाय खाजवतो, एकाने पुढच्याचं शेपूट धरलंय, एकाने माहुताचा फेटा ओढलाय, एकीच्या पोटाखाली पिल्लू आहे.

वरच्या मूर्तींखाली कारागिरांनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत. हत्तींखाली कुणाचंच नाव नाही. देवीरम्मा म्हणायची, "हत्ती शिकाऊ पोरांनी केलेत. म्हणून तर त्यात मजा आहे."

देवीरम्मा आमच्या गावची सुईण. मी सांगतोय ती गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशी सालची, तेव्हा ती सत्तरीला टेकली असेल. अंगाने आडवी, आवाजाने उभी. गालात सदा पान, आणि पान नसेल तेव्हा शिवी. बाई अडली की रात्र असो, पाऊस असो, ती निघायची आणि वाटेत दिसेल त्या पुरुषावर तोंडसुख घ्यायची. तिच्या मते गावातल्या सगळ्या कळांना पुरुषच जबाबदार होते, आणि हिशोबाने बघितलं तर तिचं खोटं नव्हतं. सुटका झाली, पोर रडलं, की हीच बाई त्या पोराला अशी काही हातावर घ्यायची की बघणाऱ्याचं काळीज निवायचं. मला चार मुली. चारही वेळा तिने बाहेर येऊन एकच वाक्य सांगितलं, "लक्ष्मी आली, तोंड सरळ कर." चौथ्या वेळी माझं तोंड सरळ झालं नाही, तेव्हा तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला पुढे चार दिवस पाटी रंगवायला हात उचलवत नव्हता.

हत्ती द्यायचं कामही तिचंच. पोर तीन महिन्यांचं झालं की देवीरम्मा त्याला हातावर पालथं घेऊन जोत्याच्या कडेकडेने प्रदक्षिणा घालायची. मागे आई, आज्या, शेजारणी. पोर ज्या हत्तीकडे पहिल्यांदा हात पुढे करील तो त्याचा. काही पोरं दारापाशीच हात टाकून मोकळी व्हायची, काही ढोंगी तीन-तीन फेऱ्या घालायला लावायची. एकेका हत्तीवर तीन-चार माणसं असायची, पण त्याला हरकत नव्हती. हत्ती आहे, घोडा नव्हे, पेलतो, असं ती म्हणायची. शाळेत मारामारी झाली की हरलेला आपल्या हत्तीपाशी जाऊन बसायचा. परीक्षेला जाताना हात लावायचा. म्हातारपणी तिथेच पाठ टेकून ऊन खायचं.

त्या वर्षी तळ्याचं पाणी मुरून जोत्याची एक बाजू खचली होती. पुरातत्त्व खात्याची माणसं आली. त्यांनी ठरवलं की गजथराचे सगळे दगड उतरवायचे, आतला भराव काढून पक्का करायचा आणि दगड होते तसे परत बसवायचे. एका दगडावर एक हत्ती, सगळे दगड एका मापाचे. तेव्हा उतरवण्याआधी प्रत्येकावर आकडा टाकणं आलं. खात्याचा एक रंगारी होता, राजशेखर म्हणून, आणि जोडीला गावातला मी. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. मी खुशीत गेलो, तर तिथे मला पत्र्याचा साचा दिला. साचा ठेवा, ब्रश फिरवा, आकडा तयार. मी म्हटलं, "माझा हात चांगला आहे हो." ओव्हरसियर म्हणाला, "हात नको, साचाच हवा. सगळे आकडे एकसारखे दिसले पाहिजेत." दिसले बरं का. पुढे दिसलेच.

ओव्हरसियर आम्हाला म्हणाला, "दारापासून सुरू करा आणि पुढे जात राहा." मी दाराशी उभा राहिलो आणि डावीकडे, दक्षिणेला वळलो. देवळाभोवती दुसरं कुठल्या बाजूने जातात? जन्मात कधी उलटा फिरलो नाही. पहिल्या हत्तीवर एक, दुसऱ्यावर दोन. राजशेखर शहरातला, कागदावर काम करणारा. तो भिंतीकडे तोंड करून वाचतात तसा डावीकडून उजवीकडे निघाला, म्हणजे उत्तरेला. त्यानेही एकपासून सुरुवात केली. मला वाटलं, त्याला वरच्या थराचं काम दिलंय. त्याला वाटलं, मला चहा आणायला पाठवलंय. संध्याकाळी देवळाच्या पाठीमागे आम्ही समोरासमोर आलो. माझे एक्केचाळीस झाले होते, त्याचेही एक्केचाळीस. "अरे वा, बरोबरीत सुटलो," म्हणून आम्ही एकमेकांना विडी दिली. दोन शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आता प्रत्येक आकड्याचे दोन दगड झाले आहेत.

पुढच्या पंधरवड्यात मजुरांनी दगड उतरवून नारळाच्या बागेत जागा मिळेल तसे रचले. राजशेखरची बदली झाली. जोतं भरून पक्कं झालं आणि दगड बसवायला खात्याच्या वसुधा मॅडम मैसूरहून आल्या. तिशीची बाई, चष्मा, पायात पुरुषी बूट, बोलणं मोजकं. त्यांनी एक नंबरचा दगड मागवला. मजुरांनी विचारलं, "कुठला एक?"

मॅडमनी नकाशा काढला. त्यात नुसते चौकोन होते, चौकोनांत आकडे. फोटो काढले. खात्याचा फोटोवाला आधीच येऊन गेला होता, पण तो नेमका सुगीत आला होता आणि आमच्या लोकांनी नाचणीच्या पेंढ्या सवयीप्रमाणे जोत्याला टेकवून ठेवल्या होत्या. फोटोत देऊळ सुरेख आलं होतं. पेंढ्याही सुरेख आल्या होत्या. हत्तीचा एक कान तेवढा दिसत होता.

मॅडम रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त लाज वाटली. त्या म्हणाल्या, "अंदाजाने मी एकही दगड बसवणार नाही. आठवड्यात खरा क्रम लागला तर ठीक. नाहीतर हे दगड जिल्ह्याच्या संग्रहालयात जातील आणि जोत्याला साधे दगड लागतील."

ही बातमी देवीरम्माला कळायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. ती माझ्या दारात आली, ओटीवर बसली आणि पहिल्यांदाच पान न थुंकता बोलली.

"पुट्टा, आकडे तू टाकलेस ना?"

"हो अज्जी. पण साचा त्यांचा होता."

"साच्याला अक्कल नसते, तुला होती." मग म्हणाली, "मला लिहिता येत नाही. कुणाला कधी सोडवलं, कुठलं पोर पायाळू आलं, कुठलं निळं पडून पुन्हा रडलं, ते कुठल्या वहीत नाही. देवळाभोवती एक फेरी मारली की सगळं ओळीने आठवतं. ते हत्ती शहरात गेले तर मी जन्मभर काय केलं, ते मी कुठे बघायचं?"

तिने इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि तिला घेऊन मॅडमकडे गेलो.

देवीरम्मा मॅडमना म्हणाली, "मला सगळे हत्ती ठाऊक आहेत. मी सांगते, तुम्ही बसवा."

मॅडमनी तिला खुर्ची दिली. म्हणाल्या, "अज्जी, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण माझ्या साहेबांचा कागदावर आहे. प्रत्येक आकड्याचे दोन दगड आहेत. कुठला दक्षिणेचा आणि कुठला उत्तरेचा, एवढंच ठरवायचं आहे. दर आकड्याला तुमच्याशिवाय आणखी एक माणूस तेच सांगणारा आणा. आणि एकाही दगडावर भांडण राहिलं तर मी सही करणार नाही."

"एकच माणूस? मी गाव आणते," देवीरम्मा म्हणाली.

आणि तिने आणलंच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नारळाच्या बागेत जत्रा लागली. मॅडम टेबल टाकून बसल्या, मला त्यांनी लिहायला बसवलं, साच्याशिवाय. देवीरम्माला आधी लांब, विहिरीपाशी नेऊन विचारायचं, मग इकडे हत्तीच्या मालकाला विचारायचं आणि दोन्ही जुळतंय का बघायचं. लोक दगडांच्या ढिगात शिरत होते आणि हरवलेली गाय सापडावी तसे ओरडत होते. "हा बघा माझा! सोंडेत साप!" पन्नाशी उलटलेला शाळामास्तर आपल्या हत्तीजवळ उकिडवा बसला आणि त्याच्या कानामागची माती बोटाने काढू लागला. मॅडमनी विचारलं, "कुठल्या बाजूचा?" मास्तर म्हणाला, "दक्षिणेचा. सकाळी शाळा चुकवून इथे बसायचो तेव्हा पाठीला ऊन लागायचं नाही, तोंडाला लागायचं." मॅडमनी हे सगळं लिहून घ्यायला लावलं.

बायकांची साक्ष पुरुषांपेक्षा पक्की निघाली. पुरुषाला आपला हत्ती ठाऊक, बाईला सगळ्या आळीचा. लग्न होऊन परगावी गेलेल्या पोरी पोरं काखेला मारून एस.टी.ने आल्या. मला नवल वाटलं ते हसण्याचं. एवढं मोठं संकट, पण बागेत सगळे हसत होते. कुणाच्या हत्तीची सोंड आणि मालकाचं नाक यांची तुलना चालली होती. माझ्या बिनशेपट्याची पाळी आली तेव्हा साक्षीला सतरा जण पुढे झाले.

एका दगडापाशी मात्र सगळे थांबले. आकडा तेहतीस. आईच्या पायांमधून डोकं काढणारं पिल्लू होतं त्यावर. दोन तेहतिसांपैकी दुसराही कुणी ओळखेना आणि या पिल्लाला कुणी मालक नव्हता. विहिरीवरून देवीरम्माने सांगून पाठवलं, "उत्तरेचा. नाव लिहू नका, नाव ठेवलं नव्हतं." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गर्दीतून फुलं विकणारी सण्णक्का पुढे आली. तिने दगडाला हात लावला नाही, नुसती जवळ उभी राहिली. म्हणाली, "उत्तरेचाच. लिंबाच्या झाडासमोरचा. माझा पहिला, चार महिने होता. मी रोज जाताना एक फूल ठेवते." मला तीस वर्षं वाटत होतं की ती फुलं वाऱ्याने उडून तिथे पडतात. मी लिहिलं, आणि माझं अक्षर जरा वाकडं आलं.

सहा दिवसांत चाळीस आकडे लागले. राहिला एक, सतरा. आणि त्या सतराने आमचा जीव खाल्ला.

दोन सतरांपैकी एक हत्ती गळ्यात घंटांची माळ घातलेला, दुसरा एका दाताचा. घंटावाला रामेगौडाचा, एकदंत लक्ष्मेगौडाचा. हे दोघे जुळे भाऊ. गावच्या गौडाचं, म्हणजे पाटलाचं घर, उत्सवात रथाची पहिली दोरी धरायचा मान थोरल्याचा. दोरी रामेगौडा धरतो. आता रथ निघतो दक्षिणेकडून, आणि दक्षिणेच्या सतराव्या हत्तीपाशी दोरी ठेवलेली असते. तेव्हा ज्याचा हत्ती दक्षिणेला तो थोरला, असं आमच्याकडे सगळे धरून चालले होते. धाकट्याला हे कधीच पटलं नव्हतं. बाप गेल्यावर दोघांनी अंगणात भिंत घातली आणि नऊ वर्षं बोलले नव्हते. पण हत्ती दगडात बसलेला होता, त्यापुढे कोण काय बोलणार? आता दगड निघाला आणि लक्ष्मेगौडाने संधी साधली.

तो इस्त्रीचा सदरा घालून बागेत आला आणि म्हणाला, "लिहा. एकदंत दक्षिणेचा. घंटावाला उत्तरेचा."

रामेगौडा म्हणाला, "मॅडम, हा दिवसाढवळ्या खोटं बोलतोय."

"चोराच्या उलट्या बोंबा," लक्ष्मेगौडा झाडाकडे बघत म्हणाला. भावाशी तो बोलत नव्हता ना.

मॅडमनी गर्दीला विचारलं, "तुमच्यापैकी कुणी सांगेल?" सगळ्या गावाला खरं ठाऊक होतं. पण भाताची गिरणी लक्ष्मेगौडाची, ट्रॅक्टर रामेगौडाचा, आणि सुगी पुढे उभी. सहा दिवस पणजोबांच्या गोष्टी सांगणारं गाव एकदम मूग गिळून बसलं. मी तरी कुठला शूर? दोघांच्या दारावर माझ्याच पाट्या. मी कागदावरची रेघ पुन्हा पुन्हा गिरवत बसलो. दोघांची आई ऐंशीची, तीही तिथे होती. ती म्हणाली, "दोघं माझेच. मला विचारू नका." आणि पदराखालून तंबाखू काढली.

मॅडमनी वही मिटली. "उद्या संध्याकाळी ट्रक येईल," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही ते आवडलं नव्हतं हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीरम्मा मला घेऊन लक्ष्मेगौडाच्या घरी गेली. तो पडवीत चित्रान्न खात होता. "ये अज्जी, बस. माझं काही बदलणार नाही, आधीच सांगतो," तो म्हणाला.

"बदल म्हणून कोण सांगतंय? मी कबूल करायला आले. तू म्हणतोस तेच मी मॅडमना सांगते. तू थोरला."

लक्ष्मेगौडाचा घास हातातच राहिला. माझाही आ वासला.

"आता थोरला झालास तर या उत्सवापासून दोरी तुझी," देवीरम्मा पानाला चुना लावत म्हणाली. "आणि गावजेवण पण तुझ्या दारात. आठशे पानं उठतात. हुळीअन्न, पायसा, कोशिंबीर, सगळं थोरल्याच्या चुलीवर. तुझ्या बायकोचे हात चांगले दणकट आहेत."

"ते बघू," लक्ष्मेगौडा सावधपणे म्हणाला.

"बघायचं काय? आणि आई. थोरल्याकडे राहायची रीत आहे ना आपल्यात? इतकी वर्षं बिचाऱ्या रामेच्या बायकोने काढली. आजच संध्याकाळी तिची पेटी इकडे आणायला सांगते. म्हातारीला पहाटे चारला कॉफी लागते, आणि ती सुनेच्या हातची नसली तर ओळखते."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. गिरिजम्मा, लक्ष्मेगौडाची बायको, हात पुसत बाहेर आली. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मला म्हणाली, "पुट्टस्वामीअण्णा, वही आणलीय का? लिहा. एकदंत उत्तरेचा. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला स्वतः नेऊन दाखवला होता. उत्तरेचा, उत्तरेचा."

"अगं, पण दोरी..." लक्ष्मेगौडा म्हणाला.

"दोरीने काय गळफास घेऊ? पाहिजे तर गिरणीत बांधून देते एक, रोज ओढत बसा."

भीक नको पण कुत्रा आवर, अशी लक्ष्मेगौडाची गत झाली. त्याने पुढ्यातल्या चित्रान्नातला एक शेंगदाणा उचलला, खाल्ला, आणि म्हणाला, "तसा तो उत्तरेचाच असावा."

आम्ही धावत बागेत आलो, म्हणजे मी धावत आणि देवीरम्मा मला शिव्या देत. मॅडमनी विचारलं, "साक्षीदार कोण?" मी सांगितलं, "लक्ष्मेगौडाची बायको." त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "नवऱ्याच्या विरुद्ध बायको बोलतेय? मग तिसरी साक्ष नको," म्हणाल्या आणि वही उघडली.

येताना वाटेत मी न राहवून विचारलं होतं, "अज्जी, खरं सांग, थोरला कोण?"

ती म्हणाली, "मला काय ठाऊक? दोघांना एका पाण्याने न्हाऊ घातलं, एका लुगड्यात गुंडाळलं आणि आईला बघायला वळले. परत बघते तर दोन्ही सारखीच लाल. एकाने शिंक दिली. म्हटलं, हा राम."

ट्रक आला तो रिकामा परत गेला. त्यानंतर दीड महिना दगड बसवायचं काम चाललं. साखळीच्या कप्पीने एकेक हत्ती उचलून जागेवर ठेवायचे आणि तो बसला की ज्याचा असेल त्याच्या घरचे नारळ फोडायचे. मजुरांनी त्या महिन्यात एवढं खोबरं खाल्लं की शेवटी ते हात जोडू लागले. घंटावाला सतरा बसला त्या दिवशी रामेगौडाने मोठा नारळ आणला. उत्तरेला एकदंत बसला तेव्हा लक्ष्मेगौडा आला नाही, पण दोन नारळ पाठवले. एक भावापेक्षा जास्त.

सगळे ब्याऐंशी चालू लागले, त्या दुपारी वसुधा मॅडम वही घेऊन देवीरम्माकडे आल्या. तिच्या अंगठ्याचे ठसे घ्यायचे होते, दर ओळीला एक. तिच्या पडवीत आम्ही तिघंच होतो. मी शाईची डबी धरली, ती अंगठा उठवत गेली. अर्ध्या तासाने काम संपलं, तेव्हा अंगठा नखापर्यंत निळा झाला होता. मॅडम वही मिटायला लागल्या.

"थांब," देवीरम्मा म्हणाली. "काय लिहिलंय त्यात?"

"कुठला हत्ती कुठे, आणि कुणाकुणाचा, त्यांची नावं."

"वाच."

"सगळी? तीनशेच्या वर आहेत, अज्जी."

"मग लवकर सुरू कर."

मॅडमनी चष्मा पुसला आणि दारापासून, दक्षिणेकडून सुरुवात केली. पहिला हत्ती, तिघांची नावं. दुसरा हत्ती, चौघांची. देवीरम्मा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मधेच तिचे हात हलायचे, जणू काही घेत असावी, काही देत असावी. माझ्या चार मुलींची नावं आली तेव्हा मला एकदम भरून आलं, का ते कळलं नाही. रोज हाक मारतो ती नावं. देवळाची पाठ आली, उत्तर आली. तेहतिसावर मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "सण्णक्काचा पहिला." देवीरम्माने मान हलवली. शेवटी परत दारापर्यंत पोचायला चांगला पाऊण तास लागला. मॅडमचा घसा बसला होता.

देवीरम्माने डोळे उघडले. गालात पान नव्हतं, तरी ती काही वेळ चघळत राहिली.

"इतके होते?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मी नुसती या घरातून त्या घरात धावत होते."

तिने निळा अंगठा लुगड्याला पुसला, तो निघाला नाही. मग मॅडमपुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि म्हणाली, "पाणी पी आणि परत वाच. जरा सावकाश."

मॅडम पाणी प्यायल्या, त्यांनी वहीचं पहिलं पान काढलं आणि परत दक्षिणेकडून वाचायला सुरुवात केली.